सरळमार्गी के-१०००

याला स्विच नाही. पेंटॅक्स के-१००० पहिल्यांदा हातात घेणारा माणूस चालू करायचं बटण शोधतो. वर बघतो, खाली बघतो, पाठ चाचपतो आणि शेवटी विचारतो, "हा चालू कुठून करायचा?" तो चालूच असतो. लेन्सचं झाकण काढून उजेड आत शिरला की त्याचा उजेड मोजणारा मीटर जागा होतो, झाकण लावलं की निजतो. तळाशी एक बटण-सेल बसतो, तोही फक्त या मीटरपुरता. सेल संपला तरी शटर पडायचं थांबत नाही. पूर्ण एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचे सगळे वेग स्प्रिंगा, दातेरी चाकं आणि दोन कापडी पडदे यांच्या जोरावर चालतात. स्वतःच्या पायावर उभं राहणं हा त्याचा पहिला गुण.

दिसायला तो अगदी साधा. काळं अंग, रुपेरी डोकं आणि मधोमध प्रिझमचा उंचवटा. डाव्या हाताला रोल उलटा गुंडाळायची खुंटी; उजव्या हाताला शटरच्या वेगाची चकती, शटरचं बटण, रोल पुढे सरकवायची तरफ आणि किती फोटो झाले ते दाखवणारं इवलंसं आकडेघर. पुढे ५० मिमीची लेन्स, तिच्यावर फिरणाऱ्या दोन कड्या. संपलं. मेनू नाही, पडदा नाही, बोटाला चुकून लागेल असं काही नाही. जे आहे ते सगळं बाहेर, हाताला लागेल असं. नवशिक्यांना मी फोटोग्राफी शिकवतो तेव्हा सगळ्यात आधी हा कॅमेरा त्यांच्या हातात देतो, तो याच कारणासाठी. कॅमेऱ्याची सेटिंग्ज म्हणजे काय, हे त्याच्याइतकं सरळ सांगणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

घराणं मात्र मोठं आहे. असाही ऑप्टिकल ही जपानी कंपनी १९१९ सालची. १९५२ मध्ये तिने काढलेला असाहीफ्लेक्स हा जपानचा पहिला ३५ मिमी एसएलआर, म्हणजे लेन्समधून येणारं दृश्यच आरशावरून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा. १९५४ च्या मॉडेलमध्ये तिने आरसा फोटो निघताक्षणी आपोआप जागेवर परत येईल अशी सोय केली. १९६४ च्या स्पॉटमॅटिकने लेन्समधून आत आलेलाच उजेड मोजायला सुरुवात केली. १९७५ मध्ये लेन्स जोडायचा नवा के-माउंट आला आणि त्याच्याबरोबर केएम, केएक्स आणि के२ ही तीन भावंडं. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, शेंडेफळ जन्माला आलं. केएममधून सेल्फ-टायमर काढला, फोकसची खोली आधी बघून घ्यायची सोय काढली, आणखी दोन-चार गोष्टी काढल्या आणि उरलेल्याला के-१००० म्हटलं. घरातला सगळ्यात स्वस्त, कमी शिकलेला मुलगा.

त्याच साली कॅननचा एई-१ बाजारात आला होता. मायक्रोप्रोसेसर असलेला तो पहिला एसएलआर. तुम्ही शटरचा वेग ठरवा, लेन्सच्या भोकाचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं, मी बघतो, असं म्हणणारा. पुढची दिशा तीच होती. १९८३ च्या निकॉन एफएचा मीटर चौकटीचे पाच भाग पाडून उजेडाचा विचार करू लागला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि फोकसही मोटर करू लागली. के-१००० ची थोरली भावंडं थोड्याच वर्षांत निवृत्त झाली. हा मात्र १९९७ पर्यंत बनत राहिला. आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगमध्ये, शेवटी चीनमध्ये. उतारवयात त्याच्या डोक्यावरचं धातूचं कवच जाऊन प्लॅस्टिकचं आलं आणि कपाळावरचं 'असाही' हे नाव गेलं. स्वभाव तोच राहिला. ३० लाखांहून अधिक के-१००० विकले गेले, आणि त्यातले कितीतरी जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत गेले. शिक्षक मुलांना सांगायचे, हाच घ्या. आपल्याकडे तो आखातातून, अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून उतरला. आज मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी जुन्या कॅमेऱ्यांच्या फळीवर तो भेटू शकतो.

त्याची ओळख करून घ्यायची तर आधी रोल न भरता करावी. डावीकडची खुंटी वर ओढली की मागचं दार उघडतं. आत काळ्या चौकटीमागे ताणलेला पडदा दिसतो. कॅमेरा खिडकीकडे धरायचा, चकती १ वर आणायची, तरफ ओढायची आणि मागून बघत बटण दाबायचं. पडदा सरकतो आणि २४ बाय ३६ मिलिमीटरचा उजेडाचा आयत पूर्ण एक सेकंद समोर उभा राहतो. मग ६० वर आणायचं, म्हणजे एकसाठांश सेकंद. आयत लखकन दिसून जातो. मग १०००. आता डोळ्याला नुसती चमक कळते, पण आत काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. पडदे दोन असतात. पहिला चौकट उघडत निघतो, दुसरा ती झाकत त्याच्या मागे धावतो. संथ वेगात पहिला पलीकडे पोचल्यावर दुसरा निघतो, त्यामुळे सगळी चौकट एका वेळी उघडी असते. वेग वाढवला की दुसरा पडदा लवकर निघतो आणि दोघांच्या मध्ये नुसती एक फट उरते. ती फट फिल्मवरून सरकत जाते. के-१००० मध्ये सगळी चौकट एकदम उघडी राहण्याची मर्यादा एकसाठांश सेकंदाची. म्हणून फ्लॅश लावला की चकती ६० च्या वर न्यायची नाही. नेलीत तर फ्लॅश पेटतो त्या क्षणी चौकटीचा काही भाग पडद्याआड असतो आणि फोटोत काळी पट्टी येते. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात 'फ्लॅश सिंक स्पीड' म्हणून जो आकडा असतो, त्याच्या मागची गोष्ट हीच.

चकतीवरचे आकडे नीट पाहा: १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १०००. प्रत्येक पायरीला वेळ साधारण निम्मा होतो, म्हणजे उजेडही निम्मा. या एका पायरीला फोटोग्राफर 'स्टॉप' म्हणतात. स्टॉप हे उजेडाचं चलन आहे. पुढचा सगळा व्यवहार याच चलनात होतो.

आता चकती 'बी' वर आणायची आणि तरफ ओढायची. बटण दाबून धरलं आहे तोवर शटर उघडं राहतं. ते तसंच दाबून धरून, मागच्या दारातून बघत, लेन्सवरची अ‍ॅपर्चरची कडी २ वरून १६ कडे फिरवायची. पात्या एकमेकींवर सरकत येतात आणि भोक आवळत जातं. एफ/२ ला ते २५ मिमी रुंद असतं, एफ/४ ला साडेबारा, एफ/१६ ला जेमतेम ३. हिशोब सरळ आहे: लेन्सची ५० मिमी फोकल लेंग्थ भागिले एफचा आकडा. आकडा मोठा आणि भोक लहान, हे नवशिक्याला उलटं वाटतं. भागाकार एकदा लक्षात आला की ते कोडं कायमचं सुटतं. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही ओळही मग विचित्र वाटत नाही. प्रत्येक पायरीला व्यास सुमारे १.४ ने भागला जातो, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं. इथेही पायरी एका स्टॉपचीच. शटरची एक खूण आणि अ‍ॅपर्चरची एक खूण उजेडाच्या बाजारात सारख्याच किमतीच्या.

भोक आवळल्याने उजेड कमी होतो, तसं आणखी एक घडतं: फोकसची खोली वाढते. दोन मीटरवर उभ्या माणसावर या ५० मिमीच्या लेन्सने एफ/२ ला फोकस केला, तर जेमतेम २० सेंटिमीटरचा पट्टा नीट स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आणि मागची भिंत धूसर. त्याच जागी एफ/१६ ला साधारण दीड मीटरपासून तीन मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. के-१००० मध्ये ही खोली आधी बघायची सोय नाही, हे वर सांगितलंच. व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्स कायम पूर्ण उघडीच असते, फोटो निघण्याच्या क्षणापुरती ती आवळली जाते. म्हणून खोली डोक्यात धरावी लागते. नाहीतर लेन्सवर फोकसच्या कडीशेजारी कोरलेल्या आकड्यांच्या जोड्या वाचाव्या लागतात. त्या वाचायला शिकलेला माणूस फोटो काढण्याआधीच तो मनात बघू लागतो.

तिसरा आकडा शटरच्या चकतीतच दडलेला आहे. चकतीची बाहेरची कड वर उचलून फिरवली की छोट्या खिडकीत एएसएचा आकडा बदलतो. आज आपण याला आयएसओ म्हणतो. हा रोलच्या संवेदनशीलतेचा आकडा. १०० चा रोल भरला की इथे १००, ४०० चा भरला की ४००. दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट संवेदनशील, पुन्हा एका स्टॉपचाच फरक. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' असो की कोडॅकचा रोल असो, एकदा भरला की ३६ फोटो संपेपर्यंत त्याच्याशी संसार करायचा. मधेच देवळाच्या गाभाऱ्यात शिरलात म्हणून संवेदनशीलता वाढवता येत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात ती प्रत्येक फोटोला बदलता येते, ही फार मोठी मोकळीक. पण तिथेही ती फुकट मिळत नाही. आकडा चढवाल तसा अंधाऱ्या भागात रवाळपणा चढतो, रंग मळकट होतात. फिल्मवरही वेगवान रोलचा दाणा जाडच दिसायचा. म्हणून जुनी शिस्त आजही चालते: आजचा उजेड कसा आहे ते बघून आयएसओ आधी ठरवायचा, मग शटर आणि अ‍ॅपर्चरकडे वळायचं.

आणि आता त्याचा काटा.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की उजव्या कडेला एक बारीक काटा दिसतो. वर अधिक, खाली उणे, मध्ये खाच. काट्याशिवाय आत दुसरी कसलीही माहिती नाही. शटरचा वेग नाही, एफचा आकडा नाही, दिवा नाही, आवाज नाही. उजेड जास्त झाला की काटा वर, कमी पडला की खाली. शटरची चकती किंवा अ‍ॅपर्चरची कडी फिरवत तो मध्ये आणायचा. इतकं शिकायला पाच मिनिटं पुरतात, आणि बरेच जण इथेच थांबतात. काटा मध्ये आला, फोटो बरोबर आला.

हा काटा वाण्याच्या तागडीच्या काट्यासारखा आहे. दोन्ही पारडी सारखी झाली, एवढंच तो सांगतो. पारड्यात तांदूळ आहेत की गूळ, ते घेणाऱ्याने ठरवायचं असतं.

१०० च्या रोलवर लख्ख उन्हात एफ/१६ आणि एकशेपंचविसांश सेकंद लावा, काटा मध्ये येईल. छायाचित्रकारांचा 'सनी सिक्स्टीन' नावाचा जुना नियम तोच: स्वच्छ उन्हात एफ/१६, आणि शटरचा वेग रोलच्या आकड्याच्या जवळपास. आता कडी ११ वर आणि चकती २५० वर न्या, काटा मध्येच. एफ/८ आणि ५००, मध्येच. एफ/५.६ आणि १०००, मध्येच. उलट्या बाजूला एफ/२२ आणि ६०, तरीही मध्येच. पाच जोड्या, पाच वेगळे फोटो, आणि काट्याचं उत्तर एकच.

वाईच्या घाटावर एका विद्यार्थिनीने मला याबद्दल विचारलं होतं. ढोल्या गणपतीच्या देवळाजवळ दुपारच्या उन्हात पोरं कृष्णेत उड्या मारत होती. तिच्या गळ्यात तिचा डिजिटल कॅमेरा होता, हातात के-१०००.

"सर, ५.६ ला हजार लावलं तरी काटा मध्ये, २२ ला साठ लावलं तरी मध्ये. मग यातलं बरोबर कुठलं?"

"अगं, ५.६ ला हजार लावलंस तर काय येईल?"

ती थोडी थांबली. "पोरगं हवेत थांबेल. पाण्याचे थेंबसुद्धा."

"आणि मागचं देऊळ?"

"थोडं पुसट होईल."

"आणि २२ ला साठ?"

"देऊळ, पायऱ्या, सगळं स्पष्ट. पोरगं मात्र ओघळल्यासारखं येईल."

"मग हा फोटो पोराचा काढतेस की घाटाचा?"

ती पुढच्या उडीपर्यंत गप्प राहिली. मग कडी ५.६ वर आणली, चकती १००० वर, आणि वहीत नोंद करून ठेवली. फिल्म कुठल्याच फोटोची सेटिंग्ज जपून ठेवत नाही, म्हणून के-१००० वापरणाऱ्याच्या खिशात छोटी वही असावी. रोल धुऊन आल्यावर फोटो आणि वही शेजारी ठेवून वाचायची. कॅमेऱ्याच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या वहीतून जास्त शिकायला मिळतं.

मला या कॅमेऱ्याबद्दल जे मनापासून सांगायचं आहे ते त्या घाटावरच्या प्रश्नात आहे. उजेडाचा हिशोब बरोबर जुळणं ही अट आहे. फोटो काय सांगणार, हा निर्णय आहे. काटा अट तपासतो आणि निर्णय तुमच्यावर सोडून बाजूला होतो. बैलगाडा शर्यतीत घाटावरून सुटलेली बैलजोडी उधळलेल्या धुळीसकट गोठवायची तर पाचशे किंवा हजार हवा. तीच जोडी वेगाने धावताना जाणवायला हवी असेल, तर तीस लावून कॅमेरा जोडीबरोबर फिरवायचा. बैल बऱ्यापैकी स्पष्ट येतात आणि मागची गर्दी आडव्या रेषांत पसरते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या झाडीत ढगाळ उजेडाला एफ/२२ वर अर्धा सेकंद मिळू शकतो. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला तर धबधब्याचं पाणी पांढऱ्या पट्ट्यासारखं वाहतं आणि कातळ जागचा हलत नाही. हातात धरून मात्र ५० मिमीच्या लेन्सला साधारण एकसाठांशाच्या खाली जाऊ नये, नाहीतर हाताचा कंप फोटोत उतरतो. शटर म्हणजे काळाबद्दलचा निर्णय, अ‍ॅपर्चर म्हणजे अंतराबद्दलचा, आणि आयएसओ ही त्या दोघांना मिळालेली मोकळीक.

काट्याचा एक हट्टही आहे, तो ओळखून घ्यावा लागतो. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे, अशी त्याची पक्की समजूत आहे. म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा करडा रंग. शिवाय के-१००० चा मीटर चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. चेहरा कुठला आणि आभाळ कुठलं, हा भेद त्याला कळत नाही. दिवे घाटात पालखीसोबत चाललेल्या वारकऱ्यांकडे कॅमेरा रोखा. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरं. त्याला वाटतं, उजेड फार झाला. तुम्ही त्याचं ऐकून काटा मध्ये आणता, आणि पांढरेशुभ्र कपडे मळकट करडे होतात, उन्हाने रापलेले चेहरे काळवंडतात. अशा वेळी काटा मुद्दाम वर ठेवायचा, एक ते दीड स्टॉप जास्त उजेड द्यायचा. उलट, खांद्यावर काळी घोंगडी टाकून मेंढरांमागे निघालेला धनगर जवळून टिपताना काटा म्हणतो, उजेड कमी आहे. त्याचं ऐकलंत तर घोंगडीचा काळा रंग विटतो. तिथे साधारण एक स्टॉप कमी द्यायचा. निगेटिव्ह रोलवर प्रिंट काढणारा यातलं बरंच सांभाळून घ्यायचा. स्लाइड फिल्मवर मात्र अर्ध्या स्टॉपची गफलतही डोळ्यात भरायची, आणि स्लाइडवर शिकलेल्यांची नजर म्हणूनच तयार व्हायची.

शंका आली तर एक जुनी युक्ती आहे. समोरच्या माणसावर जो उजेड आहे त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, कॅमेरा जवळ नेऊन नुसत्या तळहाताने चौकट भरायची आणि वाचन घ्यायचं. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून आलेल्या वाचनापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्यायचा. मग समोर पांढरा सदरा असो की काळी घोंगडी, वाचन बदलत नाही, कारण आपण माणसावर पडणारा उजेड मोजलेला असतो. काट्याशी भांडायची गरज नाही, त्याचा स्वभाव ओळखला की पुरे. जे कायम एकाच पद्धतीने चुकतं, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

बाकी सवयींचं म्हणाल तर तो खुणा देतो, पण बोलून दाखवत नाही. रोल नीट चढला की नाही हे कळायची एकच खात्रीची जागा आहे: तरफ ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी उलटी फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म पुढे सरकते आहे. नाही फिरली तर आकडेघरातला आकडा वाढत राहील आणि शेवटी कोरा रोल हातात येईल. फोकसही हातानेच. चौकटीच्या मध्यभागी बारीक दाणेदार वर्तुळ असतं. फोकस चुकला असेल तोवर ते लुकलुकत राहतं, जुळला की शांत होतं. पिशवीत ठेवताना लेन्सचं झाकण लावायचं, म्हणजे सेल टिकतो. प्रत्येक फोटोनंतर तरफ ओढायची, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये विचाराला जागा राहते. ३६ फोटोंच्या रोलवर माणूस घाईने बटण दाबत नाही. आधी सभोवार बघतो, उजेड कुठून येतोय ते पाहतो, जागा बदलतो, मग दाबतो.

याच्या मर्यादा खऱ्या आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. उडत्या पक्ष्यामागे याचा फोकस धावू शकत नाही. कबड्डीच्या मैदानावर सेकंदाला दहा फोटो काढू शकत नाही. विसर्जन मिरवणुकीत रात्री गॅसबत्तीपासून नियॉनपर्यंत उजेड क्षणाक्षणाला बदलतो, तिथे आजचा कोणताही साधा डिजिटल कॅमेरा त्याच्यापुढे जातो. कामाला डिजिटल घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. पण आजच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावरची गोल चकती जरा निरखून पाहा. 'एम' म्हणजे मॅन्युअल, तिथे के-१००० जसाच्या तसा राहायला आला आहे. 'ए' किंवा 'एव्ही' म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा बघेल. 'एस' किंवा 'टीव्ही' म्हणजे शटर तुमचं, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याचं. व्ह्यूफाइंडरच्या कडेला उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत जी पट्टी दिसते, ती त्याच काट्याची नात. अधिक-उणे चिन्हाचं जे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण असतं, ते वारकऱ्याच्या सदऱ्यासाठी आणि धनगराच्या घोंगडीसाठीच आहे. मोबाइलच्या 'प्रो' मोडमध्येही शटर आणि आयएसओ मिळतात. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर मात्र जागचं हलत नाही, म्हणून तिथे मागची धूसरता हिशोब करून तयार केलेली असते. घराणं बदललं, भाषा तीच राहिली. के-माउंटची ती जुनी ५० मिमीची लेन्सही आजच्या पेंटॅक्सच्या डिजिटल एसएलआरवर चढते आणि फोटो देते. २०२४ मध्ये पेंटॅक्सने पेंटॅक्स १७ नावाचा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, म्हणजे फिल्मही अजून निरोप घ्यायला तयार नाही.

नवशिक्यांनी सगळे के-१००० शोधायला निघावं, असं माझं म्हणणं नाही. फिल्म महाग झाली आहे, रोल धुणाऱ्या लॅब कमी उरल्या आहेत. हातात जो कॅमेरा आहे तोच 'एम' वर लावा. ऑटो आयएसओ बंद करा, उन्हात १०० वर स्थिर ठेवा. एकच विषय घ्या. रस्त्यावरून जाणारी सायकल चालेल, अंगणातली तुळस चालेल, नळाखालची कळशी चालेल. पट्टीचा काटा मध्ये ठेवून तोच विषय पाच वेगवेगळ्या जोड्यांनी टिपा, एफ/२२ पासून एफ/५.६ पर्यंत. मग पाचही फोटो शेजारी लावा आणि प्रत्येकाखाली लिहा, यात काय थांबलं, काय वाहिलं, काय जवळ आलं आणि काय मागे हटलं. त्यानंतर पुढचा प्रत्येक फोटो काढण्याआधी स्वतःला विचारा, यातलं मला काय हवं आहे. ते उत्तर ज्याच्याजवळ आहे त्याला कोणता आकडा कुठे लावायचा ते सापडतंच. ज्याच्याजवळ नाही, त्याला जगातला सगळ्यात महागडा कॅमेराही फक्त काटा मध्ये आणून देईल.